र. धों. कर्वे आणि बाबासाहेबांचे वकीलपत्र

रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म १८८२ सालचा. गणिताच्या या प्राध्यापकाने १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. त्यापायी विल्सन कॉलेजची नोकरी गेली. पत्नी मालतीबाईंनी संसार सावरला आणि कर्व्यांनी १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. सनातन्यांनी अश्लीलतेचे खटले भरले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र घेतले ते बाबासाहेबांनी! दंड झाला, पण बाबासाहेब थांबले नाहीत. संततिनियमनाच्या सोयी सरकारने पुरवाव्यात, असा ठराव १९३८ साली त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या पी. जे. रोहम यांनी मुंबई विधिमंडळात मांडला. सभागृहाने तो फेटाळला.

स्त्रीला माहितीच मिळू नये, हा सनातनी डाव आज जगभर चालतो. गर्भपाताबद्दल सल्ला देणाऱ्या परदेशी संस्थांची मदत तोडण्याची अट अमेरिकेने १९८४ साली आणली. ती अनेकदा उठली आणि जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा लागली. भारतात १९७१ च्या कायद्याने दिलेला हक्कही सल्ल्यावाचून कागदावरच राहतो. वर्धा जिल्ह्यातल्या वडनेरच्या शेतात निंदण करणाऱ्या मायबहिणीला ही माहिती मिळणे कुणाची मेहेरबानी नव्हे, असे आम्ही मानतो. बाबासाहेबांनी घेतलेले ते वकीलपत्र आता चळवळीने पुढे चालवावे.