सिंदखेडची लेक

घरच्यांसोबत सिंदखेड राजाला गेलात की काय होतं, ते तुम्हाला माहितीच आहे. लखुजी जाधवरावांच्या वाड्याच्या भल्यामोठ्या दरवाजासमोर फॅमिली फोटो, जन्मस्थानाला नमस्कार, मग आईचं डबा उघडणं आणि बाबांची निघायची घाई. १२ जानेवारीला गेलात तर गर्दीत तेवढंही जमत नाही. आपल्या बुलडाणा जिल्ह्यातल्या बहुतेकांनी हा वाडा शाळेच्या सहलीत एकदा तरी पाहिलाय. पण इथे जन्मलेल्या मुलीच्या माहेराचं पुढे काय झालं, हे कितीजण सांगू शकतील?

जिजाऊंचा जन्म १५९८ चा. वडील लखुजी निजामशाहीतले बडे सरदार, आई म्हाळसाबाई. लग्न झालं वेरूळच्या भोसल्यांच्या शहाजीराजांशी. पुढे खंडागळ्यांचा हत्ती बिथरला, त्या गोंधळात जाधव आणि भोसले एकमेकांवर तुटून पडले. जिजाऊंचा भाऊ दत्ताजी गेला आणि शहाजीराजांचा चुलतभाऊ संभाजीही. म्हणजे एकाच दिवशी सुतक माहेरीही आणि सासरीही. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत तर वडील मुघलांकडून आणि नवरा निजामशाहीकडून! अशा वेळी बाईने देवापुढे कुणासाठी हात जोडायचे?

लखुजी नंतर निजामशाहीत परतले. जुलै १६२९ मध्ये निजामशहाने त्यांना देवगिरीच्या किल्ल्यात दरबारात बोलावलं आणि तिथेच त्यांची हत्या झाली. सोबतची मुलंही मारली गेली. जिजाऊ तेव्हा एकतीस वर्षांच्या, पोटात बाळ, नवरा मोहिमांच्या धामधुमीत. सात महिन्यांच्या आतच, १९ फेब्रुवारी १६३० ला, शिवनेरीवर शिवबांचा जन्म झाला. आपण पाठ्यपुस्तकात फक्त पाळणा बघतो. त्याच्या आधीचे हे महिने मला जास्त महत्त्वाचे वाटतात. दरबाराची चाकरी कितीही इमानाने केली तरी जिवाची हमी नाही, हे त्यांना कुणी शिकवायची गरज उरली नव्हती.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. उजाड झालेलं पुणे, लाल महाल, न्यायनिवाडे. थोरला मुलगा संभाजी कनकगिरीच्या लढाईत गेला. १६६४ मध्ये शहाजीराजे गेले, तेव्हा सती जायला निघालेल्या जिजाऊंना शिवरायांनी अडवलं. ते अडवणं किती मोलाचं होतं, हे दोनच वर्षांनी कळलं. १६६६ मध्ये महाराज आग्र्यात अडकले आणि कित्येक महिने राज्याचा कारभार अडुसष्ट वर्षांच्या जिजाऊंच्या नजरेखाली चालला.

६ जून १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला. बारा दिवसही गेले नाहीत, १७ जूनला पायथ्याच्या पाचाडला त्यांनी देह ठेवला. समाधी तिथेच आहे.

लखुजींची समाधी मात्र सिंदखेडमध्येच आहे. वाडा बघून झाला की गाडीत बसू नका, घरच्यांना तिकडे न्या. आत गेलात की जरा वेळ थांबा. आणि हो, उन्हाळ्यात जाणार असाल तर सकाळीच.