विजेच्या ट्रामगाडीचा जनक : फ्रँक स्प्रेग

आमच्या टेंभुर्णीस रूळ आलेले नाहींत. आगगाडीनें मुंबईस जावयाचें असेल तर प्रथम जालन्याचें स्टेशन गांठावें लागतें. त्या स्टेशनांतून ३० डिसेंबर २०२३ रोजीं वंदे भारत गाडी मुंबईकडे धांवूं लागली. ती पाहून आलेल्या मुलांस एका गोष्टीचें नवल वाटतें. तिला ओढणारें निराळें इंजिन पुढेंही दिसत नाहीं व मागेंही दिसत नाहीं. कारण असें कीं, तिच्या निम्म्या डब्यांच्या खालींच विजेच्या मोटारी बसविलेल्या आहेत, आणि त्या सर्व मोटारी अग्रभागीं बसलेल्या एकाच चालकाच्या हुकुमानें एकदम चालतात व एकदम थांबतात. ही युक्ति आजकालची नव्हे. फ्रँक ज्युलियन स्प्रेग ह्या अमेरिकन गृहस्थानें ती १८९७ सालीं सिद्ध करून दाखविली. आणि त्यापूर्वीं नऊ वर्षें ट्रामच्या घोड्यांची त्या कष्टांतून सुटका करण्याची वाटही त्यानेंच मोकळी केली होती. विजेच्या गाड्यांच्या इतिहासांत ज्याचें नांव पहिल्या ओळींत घेतात, त्या पुरुषाची ओळख आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस व्हावी, म्हणून हें चरित्र येथें देत आहों.

फ्रँकचा जन्म २५ जुलै १८५७ रोजीं कनेक्टिकट संस्थानांत मिलफर्ड येथें झाला. १८६६ सालीं त्याची आई वारली आणि फ्रँक आपल्या आत्याकडे, मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील नॉर्थ ॲडम्स ह्या गांवीं, वाढूं लागला. आत्या शिक्षिका होती. त्यामुळें अभ्यासाच्या बाबतींत लाड चालत नसत. गणितांत मुलाची गति विलक्षण होती. पुढें लष्करी विद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेस म्हणून तो स्प्रिंगफील्डला गेला. तेथें जाऊन पाहतो तों परीक्षा आरमारी विद्यालयाची! परत न फिरतां त्यानें तीच दिली, तींत तो वर आला, आणि कर्ज काढून ॲनापोलिस येथें शिकावयास गेला. समुद्राशीं ज्याचा कांहीं संबंध नव्हता, असा हा मुलगा अशा रीतीनें आरमारांत शिरला.

१८७८ सालीं शिक्षण पुरें झाल्यावर त्याची नेमणूक पूर्वेकडील समुद्रांत फिरणाऱ्या एका युद्धनौकेवर झाली. त्या जहाजाचें नांव रिचमंड. हें नांव वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. जहाजावर फुरसतीच्या वेळीं तो एका वहींत यंत्रांचीं चित्रें व टिपणें काढीत बसे. पुढें लँकास्टर नांवाच्या जहाजावर त्यानें विजेच्या घंटांची योजना बसविली. अमेरिकन आरमारांतील ती पहिलीच. १८८२ सालीं लंडनजवळ क्रिस्टल पॅलेसमध्यें विजेच्या यंत्रांचें मोठें प्रदर्शन भरलें, तेथील परीक्षकमंडळाचा तो चिटणीस होता. लंडनमधील भुयारी आगगाड्या तेव्हां वाफेवर चालत. धुरानें कोंदलेल्या त्या भुयारांतून रोज जातां येतां, ह्याच गाड्या विजेवर चालल्या तर काय बहार होईल, हा विचार त्याच्या मनांत घर करून बसला.

१८८३ सालीं आरमाराचा राजीनामा देऊन तो एडिसनकडे नोकरीस राहिला. दोघांची रीत अगदीं भिन्न होती. एडिसन एकामागून एक प्रयोग करून उत्तराला पोंचे. स्प्रेग तेंच उत्तर कागदावर गणितानें काढूं पाही. शिवाय एडिसनचें लक्ष दिव्यांकडे, तर स्प्रेगचें मोटारींकडे. वर्षभरांतच तो तेथून निघाला आणि १८८४ सालीं त्यानें स्वतःची कंपनी काढली. ओझें कमी झालें वा वाढलें तरी जिची गति ढळत नाहीं व जींत ठिणग्या उडत नाहींत अशी त्याची मोटार त्याच वर्षीं फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनांत नांवाजली गेली. परंतु गिरण्यांतील पट्टे फिरविण्यावर त्याचें समाधान नव्हतें. न्यूयॉर्कमध्यें खांबांवरून जाणाऱ्या रेल्वेचा धनाढ्य मालक जे गूल्ड ह्यास त्यानें आपली गाडी दाखविली. प्रयोग चालू असतां गूल्डच्या जवळच एक फ्यूज मोठा आवाज करून वितळला, त्याबरोबर शेटजी गाडींतून उडी टाकावयास धांवले, आणि त्यांनीं पुन्हां त्या बाजूस तोंड दाखविलें नाहीं.

रस्त्यावरील ट्रामा त्या काळीं घोडे ओढीत. त्यांची कल्पना येण्यास अमेरिकेस जावयास नको. मुंबईंत ९ मे १८७४ रोजीं घोड्यांची ट्राम सुरू झाली. कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीस, व बोरीबंदराहून काळबादेवीवरून पायधुणीस, असे तिचे दोन मार्ग होते. आरंभीं २० गाड्यांस २०० घोडे होते, ते पुढें ९०० पर्यंत गेले. एका गाडीस एकाच वेळीं एक किंवा दोन घोडे लागत, पण ते थकले कीं बदलावे लागत. म्हणून दर गाडीमागें इतके घोडे पाळावे लागत. मुंबईच्या उन्हांत त्यांच्या डोक्यांवर सोल्याच्या टोप्या घालीत असत, एवढ्यावरून त्या मुक्या जनावरांचे हाल समजावे. अमेरिकेंत १८७२ सालीं घोड्यांत सांथ पसरली तेव्हां शहरेंच्या शहरें थंड पडलीं, कांहीं ठिकाणीं माणसांनीं गाड्या ओढल्या. रस्त्याखालीं फिरत्या लोखंडी दोराची योजना सॅन फ्रान्सिस्कोंत १८७३ सालीं झाली होती, परंतु तिचा खर्च मोठा.

विजेची ट्राम स्प्रेगच्या आधीं कोणीं चालविली नव्हती असें मात्र नाहीं. बर्लिनजवळ सीमेन्सनें १८८१ सालींच ती चालविली होती व अमेरिकेंतही दोनचार जणांनीं खटपट केली होती. परंतु चढ आला, धक्का बसला, अगर पुष्कळ गाड्या एकाच वेळीं सुटल्या, कीं ह्या ट्रामांचें कांहीं तरी बिघडे. एवढ्या मोठ्या शहराचा सबंध कारभार विजेवर सोंपवावा असा भरंवसा कोणास वाटत नव्हता.

१८८७ सालीं व्हर्जिनिया संस्थानांतील रिचमंड शहराच्या ट्राम कंपनीनें स्प्रेगपुढें करार ठेवला. बारा मैल रूळ, वीज उत्पन्न करण्याचें ३७५ अश्वशक्तीचें कारखान्याचें घर, चाळीस गाड्या व त्यांच्या ऐंशीं मोटारी, हें सर्व नव्वद दिवसांत तयार करावयाचें. आणि काम मनाजोगें चाललें तरच १,१०,००० डॉलर मिळावयाचे. अमेरिकेंतील त्या वेळच्या सर्व विजेच्या गाड्या एकत्र केल्या तरी त्यांच्या मोटारी ऐंशीं भरल्या नसत्या! स्प्रेगपाशीं सही करतेवेळीं कागदावरील आराखड्याहून फारसें कांहीं नव्हतें. आमच्या मतें हें धाडस शहाण्यानें करण्याजोगें नव्हतें. त्याचें वय तेव्हां तिशीच्या आसपास.

सही झाली आणि थोड्याच दिवसांत तो विषमज्वरानें अंथरुणास खिळला. ईश्वराच्या कृपेनें उठला खरा, पण कित्येक आठवडे फुकट गेले. तोंपर्यंत क्रॉस्बी व ग्रीन ह्या त्याच्या दोन तरुण साहाय्यकांनीं काम रेटलें. त्यांतील एक लष्करी विद्यालयांतून व दुसरा आरमारी विद्यालयांतून आलेला होता. स्प्रेगनें येऊन पाहिलें तेव्हां रूळ वेडेवांकडे बसविलेले, खालीं तांबडी चिकण माती, वळणें फार अडचणीचीं, आणि करारांत सांगितल्यापेक्षां चढ अधिक उभे. घोड्यांस जो चढ जड जाई तो आपल्या मोटारींस चढेल कीं नाहीं, याची शंका खुद्द स्प्रेगलाही होती.

म्हणून एके रात्रीं वर्दळ कमी झाल्यावर त्यानें एक गाडी बाहेर काढली. गाडी चढ चढून गेली. परंतु मोटार इतकी तापली कीं पुढें एका ठिकाणीं ती कामांतूनच गेली. इतक्यांत नाटक सुटलें व भोंवतीं बघ्यांची गर्दी जमली. स्प्रेगनें चेहऱ्यावर कांहीं न दाखवितां ग्रीन यास मोठ्यानें सांगितलें कीं, थोडासा बिघाड आहे, दुरुस्तीचीं उपकरणें घेऊन ये. आणि आपण दिवे मालवून बाकावर आडवा झाला. लोक कंटाळून घरीं गेल्यावर ग्रीन ती उपकरणें घेऊन आला. तीं म्हणजे चार दांडगीं खेंचरें होतीं! त्यांनीं ती विजेची गाडी ओढत ओढत घरीं नेली.

ह्या फजितीपुढें त्यानें हात टेकले नाहींत. मोटारीचें एक टोंक चाकांच्या आंसावर टेकवून दुसरें स्प्रिंगेच्या आधारानें गाडीच्या सांगाड्यास टांगावें, म्हणजे धक्क्यांनीं गाडी कितीही हिंदकळली तरी मोटारीचे व आंसाचे दांते एकमेकांतून सुटत नाहींत, ही त्याची मुख्य युक्ति. एकचाकी हातगाडीचें एक टोंक चाकावर व दुसरें माणसाच्या हातांत असतें, तसाच हा प्रकार आहे. डोक्यावरील तारेला खालून दाबून राहणारा, शेंड्यास लहानसें चाक असलेला दांडा त्यानें अनेक वेळां बदलून सिद्ध केला. वीज तारेंतून दांड्यानें गाडींत यावी व रुळांतून परत जावी, अशी योजना होती. २ फेब्रुवारी १८८८ रोजीं रिचमंडची ट्राम लोकांस खुली झाली. तरी हाल संपले नव्हते. हिंवाळ्यांत तारांवर बर्फ बसे, तेव्हां एक मनुष्य झाडू घेऊन गाडीच्या टपावर उभा राही व तें झाडीत जाई. करारानें मिळालेल्या पैशापेक्षां स्प्रेगचा खर्च पुष्कळच अधिक झाला.

त्याच वर्षीं बॉस्टनच्या ट्राम कंपनीचे अध्यक्ष हेन्री व्हिटनी रिचमंडास आले. एका जागीं खोळंबलेल्या पुष्कळ गाड्या एकदम सुटल्या तर वीज पुरेल काय, अशी त्यांच्या माणसांस शंका होती. स्प्रेगनें रात्रीं गाड्या बंद झाल्यावर बावीस गाड्या एकामागें एक उभ्या केल्या, कारखान्यांत विजेचा दाब वाढवावयास सांगितला, आणि खूण करतांच सर्व गाड्या ओळीनें सोडल्या. दिवे मिणमिणूं लागले, दाब निम्म्याहूनही खालीं आला. पण एकही गाडी अडली नाहीं. बॉस्टननें वीज घेतली, आणि दोन वर्षांच्या आंत शंभराहून अधिक ट्राम-मार्ग स्प्रेगच्या सामग्रीवर चालूं लागले अगर बांधावयास निघाले. हिंदुस्थानांत मद्रासेस १८९५ सालीं, कलकत्त्यास १९०२ सालीं, व मुंबईस ७ मे १९०७ रोजीं विजेची ट्राम आली. मुंबईंत १९२० सालीं तिच्यावर दुसरा मजलाही चढला.

ट्राम कंपन्यांच्या आवारांत पुढें नाना तऱ्हेच्या गाड्या दिसूं लागल्या. उतारूंच्या गाड्या, त्यांच्यामागें गर्दीच्या वेळीं जोडावयाचे बिनमोटारीचे डबे, आणि कामाच्या गाड्या निराळ्या: धूळ बसविण्यास पाणी शिंपणारी, रुळांवरील बर्फ झाडणारी, वाळू वाहणारी, तारा दुरुस्त करण्याकरितां उंच माचा असलेली. ह्यांपैकीं बिनमोटारीचा डबा स्प्रेगच्या मनांत सलत राहिला. एका मोटारगाडीमागें असे डबे वाढवावे तर तिचीं चाकें घसरतात, वेग येण्यास वेळ लागतो, आणि शेवटच्या ठिकाणीं ती मोटारगाडी सोडवून दुसऱ्या टोंकास न्यावी लागते.

उत्तर त्यास भलत्याच जागीं सांपडलें. मधल्या काळांत तो उंच इमारतींच्या लिफ्टा करीत होता. अनेक लिफ्टा एका खोलींत बसून चालविण्याची सोय त्यानें केली होती. मग गाडीच्या डब्यांनीं काय पाप केलें? प्रत्येक डब्यास स्वतःची मोटार द्यावी. सर्व डब्यांतून एक बारीक तार न्यावी. चालकानें त्या तारेंतून केवळ हुकूम पाठवावा, व जोर प्रत्येक डब्यानें आपला आपण लावावा. मग डबे दोन असोत कीं दहा असोत, गाडी सारखीच चपळ. शिकागोच्या खांबांवरील रेल्वेनें १८९७ सालीं १२० डब्यांचें काम त्यास दिलें, तें १,००,००० डॉलरांचा जामीन लिहून घेऊनच! जुलै महिन्यांत स्केनेक्टडी येथें सहा डब्यांची गाडी प्रथमच लोकांसमोर चालविण्यांत आली तेव्हां चालकाच्या जागीं स्प्रेगनें आपला दहा वर्षांचा मुलगा डेस्मंड यास बसविलें. व्याख्यान देण्याची मग गरजच उरली नाहीं. ह्याच पद्धतीच्या विजेच्या गाड्या ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं व्हिक्टोरिया टर्मिनस व कुर्ला यांच्या दरम्यान सुरू झाल्या, आणि मुंबईच्या लोकल गाड्यांचा सगळा संसार त्यावरच उभा आहे.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय हें चरित्र पुरें होत नाहीं. १८९० सालीं स्प्रेगची पहिली कंपनी एडिसनच्या कंपनींत विलीन झाली, आणि ज्या यंत्रांवर स्प्रेगचें नांव होतें त्यांवरून तें काढून टाकण्यांत आलें. तो तत्काळ तेथून बाहेर पडला. हें शल्य त्याच्या मनांतून कधीं गेलें नाहीं. १९१० सालीं विद्युत्-इंजिनियरांच्या संस्थेनें त्याचा गौरव केला, त्या पदकाचें नांव एडिसन पदक! दैवाची ही थट्टा त्यास कळली नसेल असें आम्हांस वाटत नाहीं. २५ ऑक्टोबर १९३४ रोजीं न्यूयॉर्क येथें तो वारला व आरमाराचा मनुष्य म्हणून आर्लिंग्टनच्या स्मशानभूमींत त्यास मूठमाती मिळाली.

रिचमंडची ट्राम १९४९ सालीं बंद पडून तिचे डबे जाळून टाकण्यांत आले. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजीं बोरीबंदराहून दादरास गेली. स्प्रेगची पत्नी हॅरिएट हिनें १९४७ सालीं पतीची बाजू मांडणारें एक पुस्तक प्रसिद्ध केलें, त्याच्या नांवांतच एडिसनविषयींच्या दंतकथेचा उल्लेख आहे. स्प्रेगचे कागदपत्र न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयांत जतन केलेले आहेत.