विज्ञानव्रती कमलाबाई सोहोनी

गोंदिया जिल्ह्यातील चिचगडसारख्या धानाच्या मुलखापासून मुंबई शहरापर्यंत गोरगरिबांच्या पानात मुख्यतः भात आणि डाळच असते. या साध्या अन्नातून शरीराला कोणते पोषण मिळते, याचा शोध घेण्यात कमलाबाई सोहोनी यांनी आपले आयुष्य वेचले. परंतु त्या शोधाची वाट त्यांना सहजासहजी मिळाली नाही.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूर येथे झाला. त्यांचे माहेरचे आडनाव भागवत. वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. बंगळूर येथे टाटांच्या दानातून उभ्या राहिलेल्या विज्ञानसंस्थेत त्यांचे शिक्षण झाले होते. थोरल्या भगिनी दुर्गा भागवत पुढे मराठीतील नामांकित लेखिका झाल्या. अशा विद्याव्यासंगी घरात वाढलेल्या कमलाबाईंनी १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी उज्ज्वल यशासह मिळवली आणि त्याच बंगळूरच्या संस्थेकडे प्रवेशासाठी अर्ज केला.

नोबेल पारितोषिकाचे मानकरी चंद्रशेखर वेंकट रामन हे त्या वेळी संस्थेचे संचालक होते. स्त्रियांना संशोधन झेपणार नाही, अशी त्यांची समजूत होती. त्यांनी अर्ज नाकारला. तथापि कमलाबाई खचल्या नाहीत. त्या स्वतः बंगळूरला गेल्या आणि गांधीजींनी दाखवलेल्या सत्याग्रहाच्या मार्गाने त्यांनी आपले म्हणणे लावून धरले. अखेर प्रवेश मिळाला, पण तो अटींवर. पहिले वर्षभर त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतही, काम करावे लागणार होते. आणि त्यांच्यामुळे प्रयोगशाळेतील इतरांच्या कामात व्यत्यय येता कामा नये, असेही बजावण्यात आले. घरात घेतलेल्या परंतु ओटीवरच बसवलेल्या पाहुण्यासारखी त्यांची स्थिती झाली.

हा अपमान त्यांच्या मनाला फार लागला. तरीही तक्रारीत वेळ न दवडता त्यांनी श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली दूध, डाळी व कडधान्ये यांतील प्रथिनांचा कसून अभ्यास केला. वर्ष सरले तेव्हा रामन यांचे समाधान झाले होते. कमलाबाईंना नियमित प्रवेश मिळाला, इतकेच नव्हे, तर पुढे अन्य विद्यार्थिनींसाठीही संस्थेची दारे उघडली. १९३६ साली त्या एम.एस्सी. झाल्या.

त्यानंतर त्या इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात गेल्या. तेथे नोबेल पारितोषिक विजेते हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत डेरेक रिश्टर यांनी त्यांना काम करण्यासाठी आपले टेबल देऊ केले. परक्या देशात एवढा आधार त्यांना पुरेसा वाटला. पुढे रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींवर संशोधन करताना त्यांनी बटाट्यावर प्रयोग केले. सजीवांच्या पेशींत प्राणवायूच्या साहाय्याने अन्नापासून शक्ती निर्माण होते. या क्रियेत सायटोक्रोम सी नावाच्या प्रथिनाचा मोठा वाटा असतो. हे प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही असते, असे कमलाबाईंनी दाखवून दिले. त्यांचा प्रबंध अवघ्या ४० पानांचा होता. पण त्यासाठी १९३९ साली त्यांना पीएच.डी. पदवी मिळाली.

परदेशात मानाची जागा मिळू शकली असती. परंतु त्या त्याच वर्षी मायदेशी परतल्या. दिल्ली व कुन्नूर येथे काही काळ काम केल्यावर, १९४७ साली विवाहानंतर त्या मुंबईला आल्या आणि तेथील विज्ञानसंस्थेत जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या. आपल्या विद्यार्थ्यांसह त्यांनी कडधान्यांतील प्रथिने, धानाचे पीठ आणि नीरा यांचा अभ्यास केला. ताडामाडांपासून मिळणाऱ्या नीरा या गोड रसातील जीवनसत्त्वे व लोह कुपोषित मुलांना आणि गर्भवती स्त्रियांना उपयुक्त ठरतात, असे त्यांना आढळले. या कार्याबद्दल राष्ट्रपतींचे पारितोषिक त्यांना लाभले. पुढे त्या त्याच संस्थेच्या संचालक झाल्या.

१९९८ साली कमलाबाईंचे निधन झाले. ज्या प्रयोगशाळेत त्यांना एक वर्ष कसोटीवर ठेवले गेले, त्या बंगळूरच्या संस्थेत आज अनेक मुली संशोधन करतात. अन्यायापुढे मान न तुकवता, मिळालेल्या लहानशा संधीचे सोने कसे करावे, हा धडा कमलाबाईंनी आपल्या आचरणातून घालून दिला.