शेतकरी शाळेत येऊ शकत नव्हता, म्हणून कार्व्हर यांनी शाळाच खेचरांच्या गाडीवर चढवली..

वाचनाची आवड असलेल्या मराठी घरात एक पुस्तक हमखास सापडतं, वीणा गवाणकर यांचं 'एक होता कार्व्हर'. १९८१ साली आलेल्या या पुस्तकामुळे अमेरिकेतला एक कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ महाराष्ट्राच्या घराघरात पोहोचला. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर म्हटलं की शेंगदाणा, हे समीकरण आपल्याकडे पक्कं आहे. पीनट बटरचा शोध त्यांनीच लावला असंही काही जण सांगतात. ते मात्र खरं नाही.

शेंगदाण्याच्या या गोष्टीत त्यांचं दुसरं मोठं काम जरा मागे पडतं. ज्याच्याकडे स्वतःची जमीन नाही, हातात पैसा नाही आणि ज्याला वाचताही येत नाही, अशा शेतकऱ्यापर्यंत शेतीचं शास्त्र नेण्याचं ते काम. त्यासाठी सरकारने त्यांना किती पैसे दिले, हा हिशोब पाहिला की अमेरिकेतल्या गरीब शेतकऱ्याच्या पुढच्या शंभर वर्षांचा अंदाज येतो.

तर गोष्ट सुरू होते १८६४ च्या आसपास. जॉर्जचा जन्म मिसुरी राज्यातल्या डायमंड गावाजवळचा. नक्की तारीख कुणालाच माहीत नाही, कारण गुलामाच्या पोराची जन्मतारीख लिहून ठेवायची पद्धत नव्हती. तो तान्हा असतानाच लुटारूंनी त्याला आणि त्याची आई मेरी हिला पळवून नेलं. मालक मोझेस कार्व्हर यांनी माणूस पाठवला, तेव्हा पोरगं तेवढं परत मिळालं आणि त्याच्या बदल्यात एक घोडा द्यावा लागला असं सांगतात. आई पुन्हा कधीच दिसली नाही.

गुलामगिरी संपली. मोझेस आणि सुसान या गोऱ्या जोडप्याने जॉर्ज आणि त्याच्या भावाला घरातच वाढवलं. पण गावच्या शाळेत काळ्या मुलांना जागा नव्हती. म्हणून अकरा-बारा वर्षांचा जॉर्ज निओशो नावाच्या गावी एकटा शिकायला गेला. पुढची कित्येक वर्षं लोकांचे कपडे धुवायचे, स्वयंपाक करायचा आणि मिळेल त्या शाळेत शिकायचं, असंच चाललं.

कॅन्ससमधल्या हायलँड कॉलेजने त्याला पत्रावर प्रवेश दिला. तो दारात उभा राहिल्यावर त्याचा रंग दिसला आणि प्रवेश रद्द झाला. मग त्याने कॅन्ससमध्येच सरकारी जमीन घेऊन शेती करून पाहिली. शेवटी १८९० मध्ये आयोवातल्या सिम्पसन कॉलेजने त्याला घेतलं, तेही चित्रकलेसाठी. तिथून तो एम्सच्या कृषी महाविद्यालयात गेला. या महाविद्यालयातला तो पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी. १८९४ ला पदवी आणि १८९६ ला पदव्युत्तर पदवी. वनस्पतींवरच्या बुरशीच्या रोगांचा जाणकार म्हणून तोवर त्याचं नाव झालं होतं. आयोवात आयुष्यभराची नोकरी पक्की होती.

पण त्याच वर्षी दक्षिणेतून एक पत्र आलं.

पत्र होतं बुकर टी. वॉशिंग्टन यांचं. अलाबामातल्या टस्कीगी इथे त्यांनी काळ्या मुलांसाठी संस्था उभी केली होती. तिथल्या शेती विभागाला प्रमुख हवा होता. कार्व्हर हो म्हणाले आणि १८९६ च्या ऑक्टोबरमध्ये टस्कीगीला पोहोचले.

तिथली परिस्थिती कशी होती?

गुलामगिरी जाऊन तीस वर्षं झाली होती, पण जमीन जुन्या मालकांकडेच राहिली होती. काळा शेतकरी ती अर्धेलीने कसायचा. बियाणं, खेचर, अगदी घरातलं पीठही उधारीवर घ्यायचं आणि सुगीला पीक गहाण. उधारी देणारा म्हणायचा, कापूसच लावायचा, कारण कापूस बाजारात हमखास विकला जायचा. वर्षानुवर्षं कापसामागून कापूस घेऊन जमिनीचा कस गेला होता. हिशोबाच्या दिवशी शेतकऱ्याच्या हाती बहुतेक वेळा काहीच उरायचं नाही.

आता सरकारी पैशाकडे या. १८८७ च्या हॅच कायद्याने केंद्र सरकार शेतीच्या प्रयोगांसाठी प्रत्येक राज्याला वर्षाला १५,००० डॉलर देत होतं. अलाबामात ही रक्कम ऑबर्नच्या कॉलेजकडे जायची आणि त्या कॉलेजात काळ्यांना प्रवेश नव्हता. टस्कीगीला प्रयोग केंद्र काढायची परवानगी राज्याने १८९७ मध्ये दिली. सोबत अनुदान दिलं वर्षाला १,५०० डॉलर.

म्हणजे ऑबर्नकडे जाणाऱ्या पैशाचा फक्त दहावा हिस्सा. त्यातूनच खत, अवजारं, मजुरी आणि छपाई भागवायची होती.

कार्व्हर यांनी फेकून दिलेल्या बाटल्या आणि डबे गोळा करून प्रयोगशाळा मांडली. या तुटपुंज्या पैशाचा एक परिणाम मात्र शेतकऱ्यांच्या कामाचा ठरला. विकतचं खत परवडत नव्हतं, म्हणून त्यांनी दलदलीतला गाळ आणि पालापाचोळा शेतात वापरून पाहिला. चवळी, भुईमूग यांसारखी पिकं हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतात, म्हणून कापसाच्या फेरपालटीला ती घेतली. रताळी लावली. जो प्रयोग गरिबातला गरीब शेतकरी पदरचा पैसा न घालता करू शकेल, तोच प्रयोग त्यांच्या कामाचा.

मग ही माहिती लोकांपर्यंत न्यायची कशी?

सगळ्यात आधी त्यांनी पुस्तिका काढल्या. टस्कीगीत असताना त्यांनी चाळीसहून जास्त पुस्तिका लिहिल्या. भाषा साधी, शेतकऱ्याला पिकाची माहिती, शिक्षकाला शास्त्र आणि घरच्या बाईला त्याच पिकाचे पदार्थ. १९१६ ची भुईमुगाची पुस्तिका सगळ्यात गाजली, तिच्यात शेंगदाण्याचे १०५ पदार्थ होते. भुईमूग लावा म्हणून सांगितलं आणि त्याचं करायचं काय हे सांगितलं नाही, तर शेतकरी तो लावणार कशाला, हा त्यामागचा साधा विचार होता.

दुसरं म्हणजे टस्कीगीत दर महिन्याला शेतकऱ्यांची बैठक सुरू केली. हिवाळ्यात शेतीची कामं कमी असतात, तेव्हा शेतकऱ्यांसाठी छोटा अभ्यासक्रम सुरू झाला.

पण पुस्तिका वाचायला अक्षरओळख लागते आणि बैठकीला यायला दिवस मोडावा लागतो. सगळ्यात गरजू माणूस दोन्हीकडून सुटत होता.

म्हणून १९०६ मध्ये गाडी निघाली. न्यूयॉर्कचे बँकर मॉरिस जेसप यांनी पैसे दिले, म्हणून तिचं नाव 'जेसप वॅगन'. गाडीची आखणी कार्व्हर यांनी केली. खेचरं जुंपलेल्या या गाडीत नांगर, पेरणीची अवजारं, बियाणं, तक्ते, लोणी काढायचं यंत्र, दुधाची तपासणी करायचं साधन असं सगळं होतं. गाडी एखाद्याच्या शेतात थांबायची, आजूबाजूचे लोक जमायचे आणि तिथेच काम करून दाखवलं जायचं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्राच्या कृषी खात्याने टस्कीगीचाच विद्यार्थी थॉमस कॅम्पबेल याला प्रात्यक्षिकं दाखवणारा अधिकारी म्हणून नेमलं. अशा पदावर नेमले गेलेले ते देशातले पहिले कृष्णवर्णीय.

ऐकायला सोपं वाटतं, पण संस्थेत कार्व्हर यांचे दिवस काही सुखाचे नव्हते. शिकवणं, प्रयोग, संस्थेची शेती, वर कोंबड्यांचा विभागही त्यांच्याच गळ्यात. त्यात कारभार हा काही त्यांचा प्रांत नव्हता. वॉशिंग्टन यांच्याशी खटके उडायचे, राजीनाम्याच्या धमक्या व्हायच्या. १९१० मध्ये शेती विभागाचा कारभार त्यांच्याकडून काढून दुसऱ्याकडे दिला गेला.

१९१४ मध्ये मोठी गोष्ट घडली. स्मिथ-लिव्हर कायदा आला. शेतकऱ्याच्या बांधावर ज्ञान नेण्यासाठी आता केंद्र सरकार देशभर पैसे देणार होतं आणि राज्यांनी त्यात आपला वाटा घालायचा होता. टस्कीगीची गाडी जे करत होती, तेच आता सरकारचं धोरण झालं होतं.

पण मेख पुढे होती. पैसे कुठल्या कॉलेजला द्यायचे, हे राज्याचं विधिमंडळ ठरवणार होतं. काळ्यांच्या कॉलेजांना ठरलेला वाटा मिळावा म्हणून सिनेटमध्ये प्रयत्न झाले, अंतिम कायद्यात ते टिकले नाहीत. दक्षिणेत पैसा गोऱ्यांच्या कॉलेजांकडे गेला. काळे अधिकारी नेमले गेले, पण कमी संख्येने आणि गोऱ्या प्रमुखांच्या हाताखाली.

इकडे कार्व्हर यांचं नाव मात्र वाढत गेलं. कापसाच्या बोंडांवर भुंग्याची कीड पडली आणि दक्षिणेतले शेतकरी भुईमुगाकडे वळू लागले. १९२१ मध्ये परदेशी शेंगदाण्यावर आयात कर लावावा म्हणून कार्व्हर संसदेच्या समितीपुढे बोलले. दहा मिनिटांची वेळ होती, सदस्यांनी ती वाढवत नेली. त्या दिवसानंतर ते देशाचे शेंगदाणा शास्त्रज्ञ झाले.

गंमत म्हणजे ज्या अर्धेलीच्या शेतकऱ्यासाठी हे सगळं सुरू झालं, त्याचं नशीब तेवढं पालटलं नाही. परसात भाजी आली, ताटात शेंगदाणा आला, काहींनी कर्ज फेडून जमीनही घेतली. पण शेतात काय लावायचं हे जोवर जमीनमालक आणि उधारी देणारा ठरवत होता, तोवर फेरपालटीचा सल्ला पटूनही पाळता येत नव्हता.

कार्व्हर आयुष्यभर वसतिगृहातल्या खोलीत राहिले, लग्न केलं नाही. ५ जानेवारी १९४३ रोजी ते गेले. साठवलेले सुमारे ६०,००० डॉलर त्यांनी टस्कीगीतल्या संशोधनासाठी देऊन टाकले. त्याच वर्षी सरकारने त्यांचं जन्मस्थान राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केलं.

स्मारक झालं, पण अनुदानाची वाटणी तशीच राहिली. १९६५ मध्ये अमेरिकेच्या नागरी हक्क आयोगाने अहवाल दिला की दक्षिणेत कर्ज, सल्ला आणि प्रशिक्षण या तिन्ही बाबतीत काळ्या शेतकऱ्याला डावललं जातंय. १९२० मध्ये अमेरिकेत ९ लाख २५ हजारांवर काळे शेतकरी होते. १९८२ च्या गणनेत उरले ३३ हजारांच्या आसपास. यंत्रं आली, लोक शहरात गेले, ही कारणं होतीच. पण कर्ज आणि सल्ला न मिळाल्याने जमीन गेलेलेही त्यात होते.

अखेर १९९० च्या शेती कायद्यात २५०१ क्रमांकाचं कलम आलं. वंश किंवा वर्णामुळे डावलल्या गेलेल्या शेतकऱ्यांपर्यंत पोहोचण्यासाठी आणि त्यांना प्रशिक्षण देण्यासाठी वर्षाला १ कोटी डॉलरपर्यंत अनुदानाची तरतूद झाली. हे पैसे थेट शेतकऱ्याच्या खात्यात जाणार नव्हते. ज्यांचा शेतकऱ्यांशी रोजचा संबंध होता, अशा काळ्यांच्या कॉलेजांना आणि स्थानिक संस्थांना ते दिले जाणार होते. त्यांनी गावात जायचं, कर्जाचा अर्ज भरायला मदत करायची, हिशोब ठेवायला शिकवायचं, सरकारी योजना समजावून सांगायच्या. १९९९ मध्ये काळ्या शेतकऱ्यांनी कृषी खात्याविरुद्ध कर्जातल्या भेदभावाचा खटला तडजोडीत जिंकला आणि भरपाईची रक्कम पुढे १ अब्ज डॉलरच्या वर गेली.

शेतकरी दारात येऊ शकत नसेल तर त्याच्या दारात जायचं, हे कार्व्हर यांच्या गाडीने १९०६ मध्येच दाखवून दिलं होतं. तेच काम डावलल्या गेलेल्या शेतकऱ्यासाठी कायद्याने आणि सरकारी पैशातून व्हायला १९९० उजाडलं. तोवर ज्यांच्यासाठी ती गाडी निघाली होती, त्यांच्यातले बहुतेक जण शेतीतून उठले होते.