अन्नदात्री अहिल्याबाई

वेरूळचीं लेणीं पाहावयास गेलेला प्रवासी बहुधा कैलास लेण्यापुढें उभा राहून थक्क होतो आणि तेथूनच माघारीं फिरतो. परंतु लेण्यांपासून एक किलोमीटरहि नाहीं इतक्या अंतरावर घृष्णेश्वराचें तांबड्या दगडाचें देऊळ आहे, व गांवाजवळच शिवालय तीर्थ नांवाचें पायऱ्यापायऱ्यांचें कुंड आहे. कैलास कोरविणारा राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण हा आठव्या शतकांतला. आजचें देऊळ मात्र अठराव्या शतकांतलें. त्याच्या जीर्णोद्धाराशीं ज्यांचें नांव जोडलें गेलें आहे त्या अहिल्याबाई होळकर महाराष्ट्रांतील लहान मुलालाहि ठाऊक आहेत. काशीपासून सोमनाथापर्यंत त्यांनीं बांधलेलीं देवळें, घाट, विहिरी व धर्मशाळा यांची यादी मोठी आहे. पण दगडाचें काम एकदां पुरें झालें म्हणजे झालें. भुकेचें तसें नाहीं. ती रोज लागते. या रोजच्या भुकेची तजवीज अहिल्याबाईंनीं कशी केली, हा त्यांच्या चरित्रांतील भाग आमच्या विद्यार्थी-वाचकांपुढें ठेवावा असा या लेखाचा हेतु आहे.

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजीं चौंडी या लहानशा गांवीं झाला. हें गांव आज अहिल्यानगर जिल्ह्यांत जामखेड तालुक्यांत आहे. वडील माणकोजी शिंदे गांवचे पाटील होते. सन १७३३ मध्यें मल्हारराव होळकरांचे चिरंजीव खंडेराव यांच्याशीं त्यांचा विवाह झाला, आणि खेड्यांतील ही मुलगी एका लढवय्या सरदाराच्या घरीं आली. मालेराव व मुक्ताबाई अशीं त्यांना दोन अपत्यें झालीं. सन १७५४ मध्यें कुंभेरीच्या वेढ्यांत तोफेचा गोळा लागून खंडेराव पडले. सती जावयास निघालेल्या सुनेला मल्हाररावांनीं विनवून थांबविलें व हळूहळू कारभाराचीं कामें तिच्यावर सोंपविलीं. मल्हारराव स्वारीवर असले म्हणजे दाणावैरण, बैल, तोफा व दारूगोळा यांच्या तरतुदीविषयीं ते सूनबाईंना लिहीत. फौज उद्यां काय खाणार याचा विचार आज करावा लागतो. तो विचार करण्याची संवय त्यांना या कामांतच लागली असली पाहिजे.

सन १७६६ मध्यें मल्हारराव वारले आणि पुढच्याच वर्षीं मालेरावहि गेले. घरांत पुरुष वारस राहिला नाहीं असें पाहून दिवाण गंगाधर यशवंत यांनीं एखादें मूल दत्तक घ्यावें असा आग्रह धरला, व राघोबादादा फौजेनिशीं माळव्याकडे वळले. अहिल्याबाई डगमगल्या नाहींत. त्यांनीं शेजारच्या सरदारांना पत्रें पाठविलीं आणि लढाईची तयारी केली. अखेर थोरल्या माधवराव पेशव्यांनीं त्यांचाच पक्ष उचलून धरला. तुकोजी होळकरांनीं फौज सांभाळावी व अहिल्याबाईंनीं मुलकी कारभार पाहावा असें ठरलें. नर्मदाकांठचें महेश्वर हें त्यांचें राहण्याचें ठिकाण झालें. तेथून सुमारें अठ्ठावीस वर्षें त्यांनीं राज्य केलें.

होळकरांच्या घरीं दौलतीचा पैसा व खासगीचा पैसा हे दोन निरनिराळे असत. खासगी म्हणजे घरच्या मुख्य स्त्रीच्या स्वतःच्या खर्चाकरितां लावून दिलेलें उत्पन्न. सन १७३४ मध्यें पेशव्यांनीं मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांना अशा उत्पन्नाचीं गांवें दिलीं होतीं; त्यांच्या मागें तीं अहिल्याबाईंकडे आलीं. ज्या पैशावर त्यांनीं सुखांत दिवस काढावयाचे, तोच पैसा अहिल्याबाईंनीं तुळशीपत्र ठेवून धर्मकार्याला वाहिला असें सांगतात. परक्या मुलखांतील देवळें व धर्मशाळा यांचा भार त्यामुळें रयतेच्या साऱ्यावर पडला नाहीं. शिवाय हात सैल सोडून केलेलें दान देणाऱ्याबरोबर संपतें. गांवाचें उत्पन्न नेमून दिलेलें दान मागें उरतें.

अन्नदानाच्या त्या काळीं दोन मुख्य रीती होत्या, आणि त्यांतील भेद आजच्या मुलांना सांगितला पाहिजे. अन्नछत्रांत शिजविलेलें अन्न पानावर वाढीत. सदावर्तांत शिधा देत. शिधा म्हणजे एका माणसाला एका वेळेस पुरेल इतकें मोजून काढलेलें कोरडें सामान : पीठ किंवा तांदूळ, डाळ, मीठ, जमल्यास थोडें तूप. यात्रेकरूनें तें पदरांत घ्यावें, धर्मशाळेच्या ओसरीबाहेर तीन दगड मांडावे आणि आपलें जेवण आपण रांधावें. दुसऱ्याच्या हातचें न खाणारे लोक तेव्हां फार होते. शिध्यामुळें त्यांचीहि सोय होई. मात्र पंक्तीभेद त्यानें मोडला नाहीं, हेंहि खरें.

शिधा देणें सोपें दिसतें, पण त्यामागें मोठी व्यवस्था लागते. सुगीच्या दिवसांत धान्य स्वस्त असतां भरून ठेवावयाचें, कीड व ओल यांपासून राखावयाचें, दळून व निवडून तयार करावयाचें, माप ठरवावयाचें आणि रोजचा खर्च लिहावयाचा. दूर अंतरावरून पायीं चालत आलेला मनुष्य संध्याकाळीं दाराशीं उभा राहिल्यावर गहूं निवडावयास बसून चालत नाहीं. भुकेला येण्यापूर्वींच त्याचें जेवण मोजून ठेवलेलें असलें पाहिजे. आमच्या घरांतल्या बायका हें शास्त्र जाणतात. उन्हाळ्यांत आळींतल्या बायका एकत्र जमून शेवया, कुरडया, पापड व सांडगे करतात, ते पुढें पावसाळ्यांत अडीअडचणीला येतात. अहिल्याबाईंनीं घरगुती शहाणपणाचीच ही गोष्ट कारभाराला लावली.

त्यांच्या मृत्यूनंतर सुमारें पंचवीस वर्षांनीं सर जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्यानें माळव्यांतील लोकांना विचारून त्यांची हकीकत गोळा केली व ती १८२३ सालीं छापून प्रसिद्ध केली. तींत त्यांचा दिनक्रम आला आहे. पहाटेपूर्वीं उठून पूजा व श्रवण झाल्यावर त्या दानधर्म करीत, ब्राह्मणांना स्वतः वाढीत, आणि नंतर आपण साधें शाकाहारी जेवण घेत. दुपारपासून सूर्यास्तापर्यंत दरबार चाले, व रात्रीं पुन्हां कामकाज. गरिबांना त्या रोज अन्न देत. ठराविक सणांच्या दिवशीं अगदीं खालच्या मानल्या गेलेल्या जातींच्या लोकांनाहि जेवण मिळे. उन्हाळ्यांत रस्त्यांवर वाटसरूंना पाणी देण्याकरितां माणसें नेमलेलीं असत. थंडी सुरू होतांच अशक्त लोकांना कपडे वांटीत. महेश्वराजवळच्या शेतांत नांगराला जुंपलेले बैल त्यांचे नोकर थांबवीत व त्यांना पाणी पाजीत. शेतकरी पिकावरचीं पांखरें हांकलतात म्हणून कांहीं शेतें त्यांनीं उभ्या पिकासह विकत घेतलीं आणि तीं पांखरांना मोकळीं सोडलीं. बैल व पांखरें कांहीं मागत नाहींत. न मागणाऱ्याची भूक ज्याला आधीं दिसते, त्याच्या दारीं मागणारा उपाशी राहात नाहीं.

हें सर्व सुखाच्या दिवसांत घडलें असें कोणीं समजूं नये. नवरा, सासरे व मुलगा यांच्या मागून मुक्ताबाईंचा एकुलता मुलगा नथ्याबा गेला. सन १७९१ मध्यें जांवई यशवंतराव फणसे वारले आणि मुक्ताबाई सती निघाल्या. आईनें पायां पडून विनविलें, पण लेकीनें ऐकलें नाहीं. त्यानंतर तीन दिवस अहिल्याबाईंनीं अन्नाला स्पर्श केला नाहीं व तोंडांतून शब्द काढला नाहीं असें माल्कम लिहितो. पुढें त्या उठल्या व पुन्हां नित्याच्या कामाला लागल्या. ज्यांच्या घरीं जेवावयास आपलें असें जवळचें माणूस उरलें नाहीं, त्यांनीं परक्यांच्या पोटाची काळजी सोडली नाहीं. १३ ऑगस्ट १७९५ रोजीं महेश्वरीं त्यांचें देहावसान झालें.

त्यांनीं लावून दिलेली व्यवस्था मात्र त्यांच्याबरोबर संपली नाहीं. सन १९४८ मध्यें इंदूर संस्थान मध्यभारत संघांत विलीन झालें, तरी खासगीचा धर्मादाय उरला होता; त्याच्या देखरेखीकरितां १९६२ सालीं न्यास स्थापन करावा लागला.

आज काळ बदलला आहे. मोठ्या शहरांत नोकरी करणारी आई रविवारीं भाज्या चिरून, वाटण वाटून, पोळ्या अर्ध्या भाजून डबे भरते व फ्रीजमध्यें ठेवते, म्हणजे बुधवारीं रात्रीं थकून आल्यावर मुलांपुढें ताट लवकर येतें. परदेशांत तर मापानें काढलेलें सामान एका ठिकाणीं मांडून ठेवलेलें असतें; गिऱ्हाइकांनीं तेथें जाऊन दहा-बारा जेवणें जुळवावीं व गोठवून ठेवण्यास घरीं न्यावीं, अशीं दुकानें निघालीं. साधनें नवीं असलीं तरी विचार जुनाच आहे : भूक लागण्यापूर्वीं तिची तयारी करावी. फरक इतकाच कीं आपण भरलेले डबे आपल्या घरापुरते असतात, आणि अहिल्याबाईंनीं मोजलेला शिधा ज्याचें नांवहि त्यांना ठाऊक नव्हतें अशा वाटसरूसाठीं होता.

विद्यार्थी मित्रहो, शाळेच्या सहलीबरोबर वेरूळला जाल तेव्हां कैलास अवश्य पाहा. नंतर थोडें चालून घृष्णेश्वरापर्यंत जा व शिवालय तीर्थाच्या पायऱ्याहि पाहा. आणि घरीं परतल्यावर रात्रींचें ताट पुढें आलें म्हणजे तें कोणीं, केव्हां व किती आधींपासून तयार करावयास घेतलें होतें, हें आईला विचारा. दुसऱ्या दिवसापासून निदान भाजी निवडावयास तरी तिच्याजवळ बसा.