हरिभाऊ आपटे आणि यमूचे निवेदन

हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) यांचा जन्म खानदेशातील पारोळ्याचा, जडणघडण पुण्याची. पदवी हाती आली नाही, परंतु वाचन अखंड राहिले. १८९० मध्ये त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले व त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध केली. केशवपनाची सक्ती झालेल्या यमूला त्यांनी स्वतःची कथा स्वतः सांगू दिली, हे त्यांचे खरे कर्तृत्व होय. पुरुषाने लिहिलेली ही स्त्रीची साक्ष अस्सल मानावी काय, हा प्रश्न आजच्या अभ्यासकाने विचारलाच पाहिजे. मात्र यमूच्या सोशिकतेइतकेच तिचे साक्षर होणे ध्यानी घेतले, तर बोलण्याचा अधिकार ती अक्षरांतून मिळविते, असे दिसून येते. शीर्षकातील प्रश्नाचे उत्तर हरिभाऊंनी वाचकावरच सोपविले आहे.