विजेचा वेध घेणारे डॉ. सुधांशुकुमार बॅनर्जी

वैशाखाच्या अखेरीस माथेरानच्या डोंगरावर ढग दाटू लागले की कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील शेतकऱ्यांच्या मनात पावसाच्या आशेबरोबर विजेची धास्तीही दाटते. या विजेचे मोजमाप करण्याचे कार्य आपल्याजवळच, मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत झाले होते. ते करणारे शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. सुधांशुकुमार बॅनर्जी.

१८९३ साली जन्मलेले बॅनर्जी मूळचे गणितज्ञ. कोलकाता विद्यापीठातून ते हवामान खात्यात आले आणि मुंबई व अलिबाग वेधशाळांचे संचालक झाले. आजच्या रायगड जिल्ह्यातील अलिबागची वेधशाळा १९०४ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद ठेवीत आली आहे.

त्या काळी शास्त्रज्ञांत एक मोठा वाद होता. केंब्रिजचे सी. टी. आर. विल्सन यांच्या मते गडगडाटी ढगाच्या वरच्या भागात धनभार व खालच्या भागात ऋणभार असतो. सिमल्यात संशोधन केलेले जॉर्ज सिम्पसन मात्र धनभार खालच्या भागात असल्याचे मानीत. हा वाद मोजमापांनीच मिटणार होता.

निरभ्र दिवशी जमिनीलगतचे विद्युतक्षेत्र दर मीटरला सुमारे १०० व्होल्ट असते. गडगडाटी ढग माथ्यावर येताच ते हजारो व्होल्टपर्यंत चढते आणि त्याची दिशाही पालटते. वीज चमकताक्षणी ढगातील भार घटून क्षेत्रात एकदम बदल होतो. त्या बदलावरून विजेने वाहून नेलेल्या भाराचा अंदाज बांधता येतो. मुंबईवरून जाणाऱ्या ढगांच्या विद्युतक्षेत्राचा अभ्यास बॅनर्जींनी १९३० साली प्रसिद्ध केला. सह्याद्रीसारख्या पर्वतरांगांमुळे वाऱ्याच्या प्रवाहात होणाऱ्या बदलांचे गणितही त्यांनी मांडले.

पुढे इंग्लंडमध्ये सिम्पसन व त्यांच्या सहकाऱ्याने फुग्यांद्वारे थेट ढगांत उपकरणे पाठविली. तेव्हा वर धनभार, मध्ये ऋणभार आणि तळाशी धनभाराचा लहानसा भाग आढळला. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य होते.

१९४४ साली बॅनर्जी भारतीय हवामान खात्याचे पहिले भारतीय महासंचालक झाले. १९५० पर्यंत त्यांनी हे पद सांभाळले. १९६६ साली त्यांचे निधन झाले.

आज पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप विजेची पूर्वसूचना मोबाईलवर देते. तरीही गडगडाट ऐकू येताच शेतातील काम थांबवावे, झाडाचा आसरा न घेता पक्क्या घरात जावे. विजेची भीती बाळगण्यापेक्षा तिचा स्वभाव जाणून सावध राहणे हिताचे, हाच बॅनर्जींच्या कार्याचा आपल्यासाठी बोध आहे.